लोकमान्य आणि हत्यारांचा कायदा

गेल्या वर्षी १ ऑगस्टला आपल्या मंडळात लोकमान्यांची पुण्यतिथी झाली. कार्यक्रमानंतर चहाच्या वेळी सुट्टीवर आलेल्या एका सभासदाच्या मुलाने मला एक प्रश्न विचारला. तो अमेरिकेत नोकरी करतो. तिथे बंदुका घरोघर असाव्यात की त्यांवर सरकारचे नियंत्रण असावे यावरून लोक हमरीतुमरीवर येतात, आणि बंदुकांच्या बाजूचे लोक गांधीजींचा दाखला देतात, हे ऐकून तो चक्रावला होता. गांधीजींनी १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी काढलेल्या पत्रकात शस्त्रबंदीच्या कायद्याला नावे ठेवली होती, तोच हा दाखला. मुलाचा प्रश्न सरळ होता : काका, मग टिळकांचे या बाबतीत काय म्हणणे होते?

मी त्या वेळी काहीतरी उत्तर दिले, पण माझेच समाधान झाले नाही. घरी येऊन पुन्हा वाचायला बसलो. टिळकांचे चरित्र आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. या एका कायद्याच्या बाजूने मात्र मी ते कधी वाचले नव्हते.

सुरुवात टिळकांच्या बालपणापासून आणि आपल्याच मुलखातून करावी लागते. टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, रत्नागिरीचा. ते सव्वा वर्षाचे असताना, १८५७ च्या नोव्हेंबरात, मुधोळ संस्थानातल्या हलगली गावच्या बेडरांनी आपली हत्यारे सरकारजमा करायला नकार दिला. उत्तरेत बंड पेटले होते म्हणून इंग्रजांनी दक्षिण महाराष्ट्रात लोकांची हत्यारे काढून घ्यायला सुरुवात केली होती. बेडरांचे पोट शिकारीवर आणि राखणीवर. हत्यार देणे म्हणजे धंदा आणि अब्रू दोन्ही देणे. फौज आली, गाव जाळले, पुढाऱ्यांना फाशी दिले. हलगलीच्या बेडरांची कानडी लावणी आपल्या भागात अजून गातात. पुढच्याच वर्षी नरगुंदचे बाबासाहेब भावे उठले, त्यांच्या तक्रारींतही दत्तक नाकारल्याच्या जोडीला हा हत्यारांचा प्रश्न होता. म्हणजे ज्या कायद्यावर टिळकांनी पुढे लेखणी चालवली, त्याची झळ बेळगावच्या आसपास त्यांच्या आधी वीस वर्षे पोचली होती.

प्रत्यक्ष कायदा झाला मार्च १८७८ मध्ये, लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असताना. टिळक तेव्हा पुण्यात वकिलीचा अभ्यास करीत होते, आगरकरांशी रात्र रात्र वाद घालण्याचे ते दिवस. त्याच महिन्यात लिटनने दोन कायदे केले. एक देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांवरचा आणि दुसरा हत्यारांवरचा. हत्यार या शब्दात बंदूक, तलवार, खंजीर, भाला यांच्याबरोबर धनुष्यबाणसुद्धा घातला होता! परवान्याशिवाय यातले काही बाळगता येणार नव्हते. पण सरकारला हव्या त्या लोकांना सूट देण्याचा अधिकार होता, आणि नियमांत ती सूट युरोपियन व अँग्लो-इंडियन लोकांना सरसकट मिळाली. काही राजेरजवाडे आणि पदवीधारी मंडळीही सुटली. बाकीच्यांनी कचेरीत अर्ज करायचा. लॉर्ड रिपन यांनी पुढे वर्तमानपत्रांवरचा कायदा काढून टाकला. हत्यारांवरचा राहिला.

दुसऱ्याच वर्षी वासुदेव बळवंत फडके यांनी रामोशी आणि धनगरांना गोळा करून पुणे जिल्ह्यात दंगा उठवला. फडके पुण्यात लष्करी हिशेब खात्यात कारकून होते. (हिशेब खात्यातल्या माणसाबद्दल मला जरा जास्त जिव्हाळा आहे, हे कबूल करतो.) कायदा असून त्यांना हत्यारे मिळाली ती मिळालीच. पुढे हा अनुभव वारंवार येणार होता.

टिळकांचा यापुढचा काळ सर्वांना माहीत आहे, म्हणून भराभर सांगतो. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ मध्ये 'केसरी' आणि 'मराठा', १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात आगरकरांबरोबर डोंगरीचा तुरुंग. १८९० मध्ये ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच हत्यारांच्या कायद्याविरुद्ध ठराव केला होता. तिथे बिपिनचंद्र पाल यांनी कायदा साफ रद्द करा असा आग्रह धरला. काही जुन्या मंडळींना ते फार धाडसाचे वाटले. टिळक काँग्रेसमध्ये आले ते १८८९ पासून. मवाळ आणि जहाल यांचे बहुतेक सगळ्या गोष्टींत वाजले, पण हा कायदा अपमानकारक आहे यावर दोघांचे फारसे दुमत नव्हते. शेतकऱ्याला रानडुकरांपासून पीक राखता येत नाही, वाघ आला तर गाव उघडे पडते, आणि गोऱ्या माणसाला मात्र परवाना लागत नाही, ही तक्रार दोघांचीही.

आता १८९७ साल. या सालाजवळ मी दर वेळी अडखळतो. पुण्यात प्लेग होता आणि रँडच्या हाताखालचे सोल्जर घरांत शिरून झडत्या घेत होते. १२ जूनला शिवाजी उत्सवात टिळकांनी अफझलखानाच्या वधाबद्दल भाषण केले. स्वार्थासाठी नव्हे तर लोकांसाठी केलेल्या कृत्याचे पाप लागत नाही, असा त्याचा रोख होता. ते १५ जूनच्या 'केसरी'त छापून आले. २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर पिस्तुले झाडली. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला.

टिळकांचा त्या कटाशी संबंध सरकारला दाखवता आला नाही, आणि खटला भरला तो खुनाचा नव्हता, राजद्रोहाचा होता. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव असा अर्थ ज्युरीला समजावून दिला. ज्युरीचे सहा विरुद्ध तीन असे मत पडले, ते तिघेही हिंदी. अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली, वर्षाने सुटका झाली. हा अर्थ अन्यायाचाच होता. तरीही त्या दहा दिवसांच्या अंतराकडे पाहिले की मला वाटते, लोकांच्या हातून हत्यार काढून घेतलेल्या आणि घरोघर संताप भरलेल्या गावात शब्दाचे वजन फार वाढते, आणि टिळकांना ते वजन ठाऊक नसेल असे म्हणणे त्यांच्या बुद्धीला कमीपणा आणणारे होईल. या मताशी मंडळातले माझे काही ज्येष्ठ मित्र मुळीच सहमत नाहीत.

अकरा वर्षांनी हाच प्रश्न जास्त उघडपणे समोर आला. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूरला खुदिराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी मॅजिस्ट्रेट किंग्जफर्ड समजून एका गाडीवर बाँब टाकला. गाडीत केनेडी नावाच्या वकिलाची पत्नी आणि मुलगी होत्या. दोघीही गेल्या. 'केसरी'त १२ मे रोजी 'देशाचे दुर्दैव' आणि ९ जून रोजी 'हे उपाय टिकाऊ नाहीत' असे अग्रलेख आले. या मधल्या काळात सरकारने ८ जूनला स्फोटक पदार्थांचा आणि वर्तमानपत्रांचा असे दोन कायदे एका दिवसात करून टाकले होते. तीस वर्षांपूर्वी लिटनने एका महिन्यात केले होते, आता एका दिवसात.

त्या लेखांतला युक्तिवाद आजही वाचण्यासारखा आहे. माझ्या शब्दांत सांगतो. मोगलांनी लोकांची हत्यारे काढून घेतली नव्हती. इंग्रजांनी ती काढून घेतली आणि आपल्या सोयीसाठी सगळ्या राष्ट्राचे पौरुष खच्ची केले. बाँब ही बंदुकीसारखी वस्तू नाही. बंदुकीला कारखाना लागतो, दुकान लागते, म्हणून तिला परवान्यात बांधता येते. बाँब म्हणजे विद्या आहे. थोड्या रसायनांत आणि लहानशा खोलीत तो होतो, आणि विद्येला परवाना लावता येत नाही. तेव्हा बंदोबस्ताचा कायदा कितीही कडक केला तरी तो टिकणार नाही. लोकांना राज्यकारभारात हक्क देणे हाच खरा उपाय. रशियातल्या झारच्या अनुभवाकडे बोट दाखवून ते हे सांगत होते. खून चांगला असे लेखात म्हटलेले नाही. उलट हे सगळे देशाचे दुर्दैव आहे असे शीर्षकातच आहे. पण दोष कोणाचा याचे उत्तर देताना सगळे माप सरकारच्या पदरात टाकलेले आहे, आणि गाडीतल्या त्या दोघी बायकांच्या वाट्याला फारशी जागा आलेली नाही.

२४ जूनला टिळकांना मुंबईत अटक झाली. पुण्यातल्या घराच्या झडतीत एक कार्ड सापडले. त्यावर स्फोटक द्रव्यांवरील दोन इंग्रजी पुस्तकांची नावे लिहिलेली होती. सरकारी वकिलांनी त्या चिठोऱ्याचा बराच उपयोग करून घेतला. टिळकांचा खुलासा असा की नव्या कायद्यातली स्फोटक पदार्थाची व्याख्या किती मोघम आहे यावर लिहायचे होते, म्हणून पुस्तकांच्या यादीतून नावे उतरवून घेतली. मला हा खुलासा पटतो. आयुष्यभर कायद्याच्या व्याख्येत बोट घालून बसणारा तो माणूस होता. शिवाय ज्याला चोरून बाँब करायचा तो पुस्तकांची यादी घरात ठेवून जाणार नाही.

खटला न्यायमूर्ती दिनशा दावर यांच्यापुढे चालला. १८९७ साली वकील या नात्याने टिळकांना जामीन मिळवून देणारे हेच दावर. या वेळी जिनांनी जामिनाचा अर्ज केला तो त्यांनी फेटाळला. टिळकांनी स्वतःच आपली बाजू मांडली, बरेच दिवस मिळून सुमारे एकवीस तास. २२ जुलैच्या रात्री ज्युरीने सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवले. सहा वर्षे काळे पाणी आणि एक हजार रुपये दंड. दुसऱ्या दिवशी त्यांचा बावन्नावा वाढदिवस होता. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, वर्षाला एक दिवस या हिशेबाने.

टिळक मंडालेला असताना २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाटकगृहात कलेक्टर जॅक्सन यांना अनंत कान्हेरे यांनी गोळी घातली. संस्कृत आणि मराठी जाणणारा तो अधिकारी होता. वापरलेले ब्राउनिंग पिस्तूल लंडनहून सावरकरांनी लपवून पाठवलेल्या वीस पिस्तुलांपैकी होते. कायदा एकतीस वर्षांचा झाला होता. रानडुकरे हाकायला बंदूक मागणारा शेतकरी कचेरीच्या पायऱ्या झिजवीत होता आणि पिस्तुले बोटीतून येत होती. बंदूक-नियंत्रणाच्या विरोधातले लोक आजही जगभर हाच मुद्दा मांडतात. त्याला उत्तरही आहे. वीस पिस्तुले लपवून आणावी लागली, बाजारात मिळाली असती तर वीसवर भागले नसते. हे उत्तर टिळकांनी कधी विचारात घेतल्याचे मला दिसले नाही.

मंडालेत 'गीतारहस्य' लिहून झाले, मधुमेह वाढला, १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्या. जून १९१४ मध्ये सुटका झाली आणि ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू झाले. इथून टिळकांच्या भूमिकेचा तो भाग सुरू होतो जो मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि त्याचे पहिले पाऊल बेळगावात पडले.

एप्रिल १९१६ च्या अखेरीस बेळगावला प्रांतिक परिषद भरली आणि २८ एप्रिलला होमरूल लीग स्थापन झाली. बॅप्टिस्टा अध्यक्ष, केळकर चिटणीस. १ मे रोजी टिळकांचे इथे भाषण झाले, मग महिनाअखेरीस नगरला दोन. २३ जुलैला पुण्यात त्यांची साठी साजरी झाली, एक लाखाची थैली अर्पण झाली, आणि त्याच दिवशी सरकारची नोटीस हातात पडली : ही तीन भाषणे राजद्रोही आहेत, चांगल्या वर्तणुकीची हमी द्या. वीस हजारांचा स्वतःचा मुचलका आणि प्रत्येकी दहा हजारांचे दोन जामीन. १९१६ सालचे चाळीस हजार! जन्मभर जामीनदारांचे कागद तपासल्यामुळे मला हा आकडा वाचून घाम फुटला. वर्तणुकीला तारण मागण्याची ही रक्कम मोठ्या पेढीच्या कर्जाला शोभली असती. थैलीतले लाख रुपये टिळकांनी देशकार्याला देऊन टाकले आणि मॅजिस्ट्रेटच्या हुकुमावर हायकोर्टात गेले. जिनांनी त्यांची बाजू मांडली. ९ नोव्हेंबरला न्यायमूर्ती बॅचलर आणि शहा यांनी हुकूम रद्द केला. बेळगावचे भाषण निर्दोष ठरले.

त्यानंतर टिळक हत्याराबद्दल बोलतात ते वेगळ्या सुरात. १९१७ मध्ये सरकारने हिंदी संरक्षण दल काढले तेव्हा त्यांनी तरुणांना नावे नोंदवायला सांगितले. हत्यार हवे, पण शिस्तीत, गणवेशात आणि कायद्याने. त्याच्या बदल्यात एकच अट, हिंदी माणसाला गोऱ्याच्या बरोबरीने अधिकारपद मिळाले पाहिजे. १० जून १९१८ रोजी मुंबईत गव्हर्नर विलिंग्डन यांनी युद्ध परिषद बोलावली. टिळक उठले आणि देशाचे रक्षण व देशाचे राज्य या गोष्टी वेगळ्या करता येणार नाहीत असे सांगू लागले. गव्हर्नरांनी त्यांना मध्येच थांबवले. टिळक सभा सोडून निघून गेले, पाठोपाठ केळकरही.

त्याच सुमारास त्यांनी गांधीजींना पन्नास हजारांचा चेक पाठवला. हिंदी लोकांना सैन्यात कमिशन मिळेल असे वचन तुम्ही सरकारकडून आणा, मी महाराष्ट्रातून पाच हजार माणसे देतो, न दिली तर हे पैसे जप्त. गांधीजींना अटी घालून मदत करणे पसंत नव्हते, त्यांनी चेक परत केला. दोघेही हत्यारबंदीला वाईट म्हणत होते आणि दोघेही भरतीला तयार होते. एकाला आधी विश्वास टाकायचा होता, दुसऱ्याला आधी करार हवा होता. मी बँकेतला माणूस, माझा कल कुठे असणार हे सांगायला नको.

काही आठवड्यांनी मुंबईत काँग्रेसचे जादा अधिवेशन झाले. टिळक त्यात होते. तिथे हक्कांची जी यादी मंजूर झाली तिच्यात हत्यार बाळगण्याचा हक्कही होता, पण कसा? इंग्लंडप्रमाणे परवाना विकत घेऊन, आणि तो हक्क काढून घ्यायचा तर नेहमीच्या न्यायालयाच्या शिक्षेनेच. परवानाच नको असे कोणी म्हटले नाही. कलेक्टरच्या मर्जीऐवजी कोर्ट, आणि गोऱ्या-काळ्यांना एक नियम, एवढीच मागणी होती. अमेरिकेहून आलेल्या त्या मुलाला मी आता हे सांगेन. टिळकांचे भांडण बंदुकीवर नियम असण्याशी नव्हते. तो नियम माणसाचा वंश पाहून लावला जात होता, आणि ज्यांना लावला जात होता त्यांना तो करण्यात काही वाटा नव्हता, याच्याशी होते.

त्यानंतर टिळक चिरोलवरच्या दाव्यासाठी इंग्लंडला गेले. चिरोलने आपल्या पुस्तकात त्यांचे नाव राजकीय खुनांशी जोडले होते. फेब्रुवारी १९१९ मध्ये दावा ते हरले आणि खर्चाखाली पार वाकले. १९०८ चे कार्ड, १८९७ चे भाषण, सगळे लंडनच्या ज्युरीपुढे पुन्हा निघाले.

१९२० च्या सुरुवातीला हत्यारांचे नवे नियम लागू झाले आणि वंशावरून असलेली सूट त्यांतून गेली. कायदा तोच राहिला, परवाना देणारा कलेक्टरही तोच. १ ऑगस्टला मुंबईच्या सरदारगृहात टिळक गेले.

१८७८ चा कायदा त्यांच्यानंतरही चाळीस वर्षे टिकला. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरी विष्णू कामत यांनी हत्यार बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घाला अशी दुरुस्ती मांडली, काँग्रेसच्या जुन्या ठरावांची आठवणही दिली. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला : परक्या सरकारकडे ती मागणी करणे वेगळे, आता राज्य आपले आहे आणि गुन्हेगारांच्या हातीही असा हक्क देता येणार नाही. दुरुस्ती नामंजूर झाली. नवा कायदा १९५९ मध्ये झाला. इंग्रजांच्या वेळची एक सूट मात्र आपल्याच राज्यात अजून चालू आहे. कोडगूच्या कोडवांना बंदुकीसाठी लायसन लागत नाही. आमच्या शाखेच्या पहारेकऱ्याच्या दुनळीला मात्र लागायचे, आणि नूतनीकरणाची तारीख चुकू नये म्हणून मी ती दरवर्षी टेबलावरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवत असे.